एका बाईचा एकच चिंचोका

मैनाबाई गेल्याची बातमी मला सहा तास उशिरा कळली. आमच्या कॉलेजच्या प्राध्यापकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यावर ती सकाळी सातलाच आली होती. हात जोडलेली चित्रं, पांढरी फुलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’... सगळं आठ वाजेपर्यंत उरकलंही होतं. त्या ग्रुपमध्ये मी नाही. मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. म्हणजे जितके तास घेतले तितक्यांचाच मोबदला, उन्हाळा लागला की घरी, आणि जून आला की पुन्हा नव्यानं अर्ज. आम्हा अशा लोकांना ग्रुपमध्ये घेत नाहीत. दुपारी एकला ऑफिसातल्या देवरावभाऊंचा फोन आला. "बाई, तुमाले मालूम झालं का नाई?" एवढं म्हणून ते थांबले, आणि त्या थांबण्यातच मला कळलं. मी अंगणात बसून उत्तरपत्रिका तपासत होते. आधी रडू आलं नाही, राग आला. ज्या बाईनं ‘यात कोणाले मोजलं नाई ते सांगा’ असं विचारून भल्याभल्यांची झोप उडवली, तिच्या मरणाच्या बातमीतसुद्धा मी मोजण्याबाहेर राहिले होते. त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, "रडून काय करते, लिहून ठेव." म्हणून लिहिते आहे.

त्याआधी पंधरा दिवस मी त्यांना नागपूरच्या दवाखान्यात भेटले होते. पोटाचं दुखणं त्यांनी वर्षभर अंगावर काढलं आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. खाट खिडकीजवळची. अंगावरची चादर नाकापर्यंत ओढलेली, कपाळावरचं हिरवं गोंदण तेवढं जसंच्या तसं. मला वाटलं होतं, ओळखतील की नाही. त्यांनी मला पाहिलं आणि उशीखाली हात घालून मूठ पुढं केली. मुठीत दोन चिंचोके होते. "दोन भेटल्या इथी," म्हणाल्या. तो दवाखाना मेडिकल कॉलेजचा. सकाळी विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन ज्या डॉक्टरीणबाई तपासायला यायच्या, त्या शिकवणाऱ्या, म्हणजे आमच्याच जातीच्या! बाईंनी म्हणे सलाईन लावलेल्या हातानंच एकीला थांबवून विचारलं, "मॅडम, परमनंट आहे का कंत्राटी?" त्या मॅडम आधी गोंधळल्या, मग विद्यार्थ्यांना बाहेर उभं करून पाच मिनिटं खाटेवर टेकून बोलत बसल्या. "दोघीयची ऑर्डर अकरा महिन्याची," मैनाबाई मला सांगत होत्या, "एवढी मोठी डॉक्टरीण, मले कापणार आहे ते, अन् तिले स्वतःले मालूम नाई का पुढच्या साली कुठी राहीन." हसल्या, हसताना कळ आली, तरी हसत राहिल्या. निघताना ते दोन चिंचोके माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "डब्यात टाकजो. लाल डब्यात नको, निळ्या डब्यात."

या डब्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय मैनाबाई सांगता येणार नाहीत.

डॉ. मैना पुंगाटी, अर्थशास्त्राच्या प्राध्यापक. गडचिरोलीच्या आतल्या भागातल्या, जिथं एसटी आजही पावसाळ्यात नाल्याशी थांबते आणि उतारू चपला हातात घेऊन पुढं चालतात, अशा माडिया गावच्या. त्या गावात माणूस गेलं की वाटेच्या कडेला त्याच्या नावाचा एक दगड उभा करतात. बाया असोत, बाप्ये असोत, प्रत्येकाचा एक. मैनाबाई लहानपणी शेळ्या घेऊन त्याच वाटेनं जायच्या. कुणी शिकवलं नव्हतं, पण दर दगडापाशी एक चिंचोका ओच्यात टाकायचा आणि परतताना दर दगडापाशी एक काढायचा, असा त्यांचा खेळ होता. ओचा रिकामा झाला की शेळ्या घरी. आश्रमशाळेतल्या गुरुजींनी एकदा विचारलं, मोजायला कुठं शिकलीस? ही म्हणाली, मेलेल्या माणसांपाशी. गुरुजींनी म्हणे त्या दिवशी तिला वर्गात पुढं बसवलं. त्या खेळातून त्यांच्या अंगात एक गोष्ट भिनली ती कायमची. माणसापाशी जाऊन उभं राहायचं आणि मगच मोजायचं. कागदावरून कागदावर मोजलेल्या माणसावर त्यांचा विश्वास नव्हता. "मेल्या माणसाले आमी दोनदा मोजत नाई," म्हणायच्या, "मंग जित्याले काऊन मोजाचं?"

त्या कॉलेजात लागल्या तेव्हा स्टाफरूममध्ये त्या एकट्याच बाई होत्या, आणि गावाकडच्या पेनपूजेसाठी, म्हणजे त्यांच्या कुळाच्या देवाच्या सणासाठी रजेचा अर्ज दिला तर तेव्हाच्या प्राचार्यांनी विचारलं होतं की हा सण कॅलेंडरात कुठं आहे? बाईंनी अर्जावरच उत्तर लिहिलं, ‘कॅलेंडरात नाही, गावात आहे. येऊन पाहावे.’ प्राचार्य गेले नाहीत, पण रजा मंजूर झाली. हा अर्ज देवरावभाऊंनी जपून ठेवला आहे. नव्या माणसाला ते तो दाखवतात आणि म्हणतात, "हे आमच्या बाईचं अक्षर."

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेनं एक प्रकल्प काढला. उच्च शिक्षणात शिकवणाऱ्या स्त्रिया, भारत आणि जपान, दोन देशांची तुलना. आपल्याकडच्या काही जिल्ह्यांतून आकडे गोळा करायचे, तिकडून तिकडचे यायचे, आणि मग एक तक्ता. चंद्रपूर आणि गडचिरोलीचं काम मैनाबाईंकडे आलं. फॉर्म सोपा होता. कॉलेजचं नाव, एकूण अध्यापक, त्यांपैकी स्त्रिया किती, शिक्का, सही. बाकी जिल्ह्यांतल्या लोकांनी तो ई-मेलनं पाठवला, ई-मेलनं परत घेतला आणि चार दिवसांत मोकळे झाले. मैनाबाईंनीही पाठवला, सगळीकडून भरून आला, आणि मग त्या एसटी पकडून एकेक कॉलेज पाहायला निघाल्या. पिशवीत पत्र्याचा बिस्किटांचा निळा डबा आणि वेगळ्या पुरचुंडीत चिंचोके. शिकवणारी बाई डोळ्यांनी पाहिली, दोन शब्द बोलली, की एक चिंचोका डब्यात. पहिला त्यांनी निघतानाच स्वतःचा टाकला होता. लोक हसायचे. एका प्राचार्यांनी विचारलं, मॅडम, आमच्या शिक्क्यावर विश्वास नाही का? बाई म्हणाल्या, "शिक्क्यावर आहे. शिक्का शिकवत नाई ना पण."

तेव्हा मी तीन कॉलेजांत शिकवत होते. नावं लिहीत नाही, कारण दोष एकट्यादुकट्या कॉलेजचा नाही, आणि नावं लिहिली की बाकीचे सुटतात. एक सिंदेवाहीच्या वाटेवर, एक राजुऱ्याच्या अलीकडे, एक वरोऱ्याच्या पलीकडे. मी चंद्रपुरात खोली करून राहायचे. सोम-मंगळ एकीकडे, बुध-गुरु दुसरीकडे, शुक्र-शनि तिसरीकडे. सोमवारी मैनाबाई पहिल्या कॉलेजात आल्या. तिथं मला खुर्ची नव्हती, मी वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसायचे. त्या शोधत तिथं आल्या. "तू वर्षा ना? शिकवते का खरंच? कोनतं पुस्तक चालू हाय?" मी सांगितलं. टक् करून एक चिंचोका पडला. गुरुवारी राजुऱ्याकडच्या कॉलेजात मी वर्गातून बाहेर येते तो व्हरांड्यात निळा डबा! त्यांनी माझ्याकडं बघून डोळे बारीक केले. "तुले कुठी पाह्यलं वं मी?" मला का कुणास ठाऊक, चोरी पकडल्यासारखं वाटलं. "माझ्यासारखीच दिसते कोणीतरी," असं काहीतरी पुटपुटून मी सटकले आणि खडूच्या कपाटाआड उभी राहिले. उच्चशिक्षित, नेट पास, आणि कपाटाआड. चिंचोका टाकल्याचा आवाज आला नाही. आणि शनिवारी वरोऱ्याच्या पलीकडे... मी फाटकातून आत शिरते तर त्या पायरीवर बसून जेवणाच्या डब्यातले पोहे खात होत्या. मला पाहिलं आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की शिपाई धावत आला.

"ये, ये. तिसरी ये," म्हणाल्या. "तीन कालेजच्या फारमवर तीन बाया, अन् मी पाहून राह्यली त एकच. जेवली का?"

आम्ही पायरीवर बसून पोहे खाल्ले. त्यांनी सगळं विचारलं. कुठं खुर्ची आहे, कुठं नाही. बाळंतपणाची रजा आहे का? नाही. परीक्षेच्या कामाला बोलावतात का? बोलावतात. ग्रुप फोटोत उभं करतात का? तपासणीची समिती आली की पहिल्या रांगेत. मी हे सगळं मोकळेपणानं सांगितलं आणि मग एकदम भानावर आले. ही बाई हे लिहिणार! तिन्ही ठिकाणी कळलं तर तिन्ही तास जातील. घरी तळ्यावर मासे धरणारा बाप, बाजारात टोपली घेऊन बसणारी आई, आणि त्यांनी गावभर सांगून ठेवलेलं की आमची वर्षा कॉलेजात मास्तरीण हाय. मी हात जोडले. म्हटलं, बाई, मला तीनदा मोजू द्या ना, कुणाचं काय बिघडतं? त्यांनी पोह्यांचा डबा बंद केला. मग म्हणाल्या, "तीनदा मोजलं म्हणून तुले तीन पोटं आली का? तीन खुर्च्या आल्या का? तुह्या नावावर दोन बाया खाऊन राह्यले हे लोक. ज्या दोघीयले नोकरी भेटाले पाह्यजे होती, त्यायच्या जागी तुलेच उभी करून राह्यले." असा विचार मी कधी केला नव्हता. मी मला बिचारी समजत होते. माझ्या सावलीत आणखी दोघी उभ्या आहेत, ज्यांची तोंडंसुद्धा मला माहीत नाहीत, हे मला त्या पायरीवर पहिल्यांदा दिसलं. तरी भीती गेली नाही. मी म्हटलं, माझं नाव घेऊ नका. त्या म्हणाल्या, "नाव नाई घेत. मोजीन पण एकदाच."

फिरून झालं तेव्हा निळ्या डब्यातले चिंचोके फॉर्मवरच्या बेरजेपेक्षा बरेच कमी भरले. माझ्यासारख्या आणखी निघाल्या होत्या. शिवाय काही निवृत्त झालेल्या, काही लग्न होऊन गेलेल्या, एक तर कधीच न आलेली. मग मैनाबाईंनी जपानच्या बाजूचे कागद मागवले. तिकडचं काम मिदोरी नावाच्या एका प्राध्यापिकेकडे होतं. बाई तिला मिदोरीबाई म्हणायच्या, आणि ई-मेल देवरावभाऊंकडून लिहून घ्यायच्या. मिदोरीबाईंचं उत्तर आलं आणि सगळा घोळ उघडा पडला. त्यांच्याकडं कायम असलेल्या आणि तासांवर शिकवणाऱ्या, अशा दोन वेगळ्या रांगा मोजतात. तक्त्यात मात्र त्यांच्या फक्त कायमच्या बाया घेतल्या होत्या, आणि आपल्या सगळ्या. कायमच्या, तासांवरच्या, तिहेरी, गेलेल्या, न आलेल्या, सगळ्या एका चौकटीत! साहजिकच आपण पुढं. मिदोरीबाईंनी शेवटी लिहिलं होतं की त्या स्वतः कित्येक वर्षं चार विद्यापीठांत आगगाडीनं हिंडून तासांवर शिकवत होत्या, आणि त्यांनाही कुठं खुर्ची नव्हती. बाईंनी ते वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "आपलीच हाय बिचारी. तिची गाडी टायमावर येते, एवढाच फरक." त्या दिवशी त्यांनी बाजारातून लाल डबा आणला. जपानच्या बायांसाठी. पाहिल्याशिवाय टाकायचं नाही हा नियम त्यांनी तिथंही मोडला नाही. देवरावभाऊंनी व्हिडिओवर मिदोरीबाईंशी गाठ घालून दिली, दोघी एकमेकींकडं बघून नुसत्या हसल्या, हात हलवले, आणि लाल डब्यात एक चिंचोका पडला. आजही एकच आहे.

परिषदेला मैनाबाईंबरोबर देवरावभाऊ गेले होते, कॉम्प्युटर सांभाळायला. पुढचं त्यांच्या तोंडून ऐकलेलं. मोठा थंडगार हॉल, पडद्यावर रंगीत तक्ता, आणि व्यासपीठावरचे गृहस्थ छाती फुगवून सांगत होते की या बाबतीत आपण जपानलाही मागं टाकलं. टाळ्या. मैनाबाई उठल्या, निळा डबा घेऊन सरळ टेबलापाशी गेल्या आणि झाकण उघडून ठेवलं. म्हणाल्या, या दोन जिल्ह्यांतल्या बाया मी एकेक पाहून आणल्या आहेत, मोजून घ्या, आणि मग तक्त्यातली आमची रांग बघा. कायमच्या वेगळ्या काढा, तासांवरच्या वेगळ्या काढा, दोन्ही देशांच्या. मग सांगा कोण पुढं ते. ते गृहस्थ गोड हसून म्हणाले, मॅडम, हा तपशील झाला, आपण व्यापक चित्र पाहायला हवं. त्यावर बाईंनी हिंदी सोडली आणि आपल्या रोजच्या बोलीत म्हणाल्या, "तुमी चित्र पाहून राह्यले भाऊ. आमी त्या चित्रात उभ्या हाओत. बसाले जागा नाई म्हणून उभ्या हाओत." देवरावभाऊ सांगतात, मागच्या बाजूला एक बाई उठून उभी राहिली. मग दुसरी. मग भिंतीशी वाकून चहाचे कप गोळा करणारी एक. टाळी कुणी वाजवली नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. तक्ता तरीही होता तसाच छापला गेला. मैनाबाईंनी त्यावरून आपलं नाव काढून घेतलं. मिदोरीबाईंनीही काढलं.

माझं नाव त्यांनी घेतलं नाही, शब्द पाळला. पण तिन्ही कॉलेजांना कळायचं ते कळलं. पुढच्या जूनमध्ये माझे अर्ज तिन्हीकडून परत आले. ‘आपली सध्या आवश्यकता नाही.’ मी गावी गेले आणि आईसोबत बाजारात बसू लागले. मासे विकण्याची मला लाज नव्हती, अजूनही नाही. पण माझेच जुने विद्यार्थी यायचे आणि मरळ घेऊन ‘मॅडम, कितीले?’ विचारायचे, तेव्हा मान वर होत नसे. मला मैनाबाईंचा भयंकर राग आला होता. त्यांची नोकरी कायमची, त्यांचं काय जातंय? असं मी आईला म्हणायचे. हा राग मी लपवणार नाही. स्मृतिलेखात मेलेल्या माणसावर कधीच राग नव्हता असं लिहायची पद्धत आहे, पण त्यांनाच ते आवडलं नसतं. वर्षभर मी त्यांचा फोन घेतला नाही.

वर्षानं त्या स्वतः आल्या. भर उन्हात तळ्याच्या पाळीवरून चालत, पदर डोक्यावर, हातात कागदांची पिशवी. मी आणि आई जाळं वाळत घालत होतो. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. त्या पाळीवर बसल्या आणि आईला म्हणाल्या, "बाई, पाणी द्या. तुमच्या पोरीचे तास मी घालवले." आई माझ्याकडं बघू लागली. आईनं पाणी दिलं आणि तिच्या पद्धतीनं सरळ विचारलं, "घालवले त आता काय करता?" मैनाबाईंनी पिशवीतून फॉर्म काढला. त्यांच्या कॉलेजात मराठीची कायमची जागा रिकामी होती, ती भरायला परवानगी येत नव्हती, पण तासांवर एक बाई घेता येणार होती. "ही कायमची नाई," मला म्हणाल्या, "खोटं नाई बोलत. तासावरचीच हाय. पण एकाच जागी, अन् तुले एकदाच मोजतील, ते मी पाहीन. मले शिव्या दे, पाह्यजे तेवढ्या दे, पण फारम भर." मी शिव्या दिल्या नाहीत. रडले. जाळ्याच्या ओल्या दोरीनं डोळे पुसले आणि फॉर्म भरला. माफी त्यांनी मागितली नाही. मला तेव्हा ते खुपलं, आता खुपत नाही. चूक केली असती तर मागितली असती.

कॉलेजात मी रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूममध्ये मला खुर्ची नव्हतीच. मैनाबाईंनी काही भाषण केलं नाही. स्वतःच्या खुर्चीवरची उशी काढली, खुर्ची माझ्याकडं सरकवली, आणि वाचनालयातून एक स्टूल आणून त्यावर बसल्या. कायमच्या प्राध्यापकबाई स्टुलावर! सगळ्यांना अवघडल्यासारखं झालं. प्राचार्य दोनदा येऊन म्हणाले, मॅडम, हे बरं दिसत नाही. "नाईच दिसत," त्या म्हणायच्या आणि पेपर तपासत राहायच्या. नवव्या दिवशी आणखी एक खुर्ची आली. तिचा एक पाय किंचित आखूड आहे, खाली मी अजून पुठ्ठ्याची घडी घालते. तिच्यावर बसूनच मी हे लिहिते आहे.

त्या गेल्यावर कॉलेजात शोकसभा झाली. फोटोला हार, उदबत्ती, दोन मिनिटं उभं राहणं. प्राचार्य म्हणाले की त्यांची जागा कधीही भरून निघणार नाही. माझ्या शेजारी देवरावभाऊ उभे होते, त्यांनी खाली बघत माझ्या कानाशी म्हटलं, "तेच त भेव हाय, बाई." मी हसले. शोकसभेत. लोकांनी वळून पाहिलं.

नंतर मी त्यांच्या गावी गेले. नाल्यात पाणी नव्हतं, एसटी पलीकडंपर्यंत गेली. दगड उभा करायचा होता. गावातल्या बाप्यांनी डोंगरातून खांद्यावरून आणलेला, माझ्या कमरेएवढा, कुणी न घडवलेला दगड. त्यावर नाव नाही, पदवी नाही. रांगेतल्या बाकीच्यांसारखाच एक. त्यांची धाकटी बहीण मला दगडापाशी घेऊन गेली आणि तिथं एक चिंचोका ठेवून बाजूला झाली. मग दोन डबे आणून माझ्या हातात दिले. "बाईनं सांगून ठेवलं होतं, वर्षाले देजो." निळा जड होता. लाल हलवला की आत एकच वाजत होता. मी मिदोरीबाईंना दगडाचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, छोटंसं. या वर्षी त्या निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागी तासांवरची बाई घेणार आहेत म्हणे.

गेल्या आठवड्यात पुन्हा फॉर्म आला. तो दरवर्षी कुठून ना कुठून येतोच. देवरावभाऊंचा चष्मा बदलायचा राहिलाय, म्हणून ते नावं टाइप करायला मला बोलावतात. मागच्या वर्षीची यादी उघडली. स्त्री अध्यापक. पहिलंच नाव, डॉ. मैना पुंगाटी. मी ते खोडायला गेले तर देवरावभाऊ हळूच म्हणाले, "राहू द्या न बाई. वरूनच सांगतलं. एक बाई कमी दिसते नाई त." मी त्यांच्याकडं बघितलं. त्या बिचाऱ्या माणसाचे डोळे भरले होते, पण मला अडवायला कीबोर्डवर ठेवलेला हात ते काढत नव्हते. गावाबाहेर दगड उभा राहिलेल्या बाईला आमच्या कॉलेजानं नोकरीवर ठेवलं होतं! आयुष्यभर जिनं कुणाला दोनदा मोजू दिलं नाही, तिला आता एकदा दगडात आणि एकदा फॉर्मवर मोजणार होते.

मी नाव खोडलं. शेरा लिहायची जागा होती तिथं लिहिलं, ‘निधन. पद रिक्त. स्त्री अध्यापकांत मोजू नये.’ खाली माझ्या नावापुढं लिहिलं, ‘तासिका तत्त्वावर. कायम नाही. वेगळ्या रांगेत दाखवावे.’ आणि सही केली. देवरावभाऊ म्हणाले, "तुमचे तास जातीन, बाई." म्हटलं, जातील. आईच्या शेजारची बाजारातली जागा अजून रिकामी आहे, तिथं कुणी मला दोनदा मोजत नाही. वर्तमानपत्राच्या ज्या रविवारच्या पुरवणीत हे छापून येईल, ती प्राचार्यांच्या टेबलावर जाते, हेही मला ठाऊक आहे. सोमवारी त्यांनी वाचावी.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी निळा डबा उघडला. नागपूरचे दोन चिंचोके टाकले. आणि मग नियमानं जे करायचं ते केलं. जी डोळ्यांना दिसत नाही, ती डब्यात नाही. बाईंचा चिंचोका काढायचा होता. पण सगळे सारखेच, तपकिरी, गुळगुळीत. त्यांचा कुठला, माझा कुठला, त्या डॉक्टरीणबाईंचा कुठला, काही कळायला मार्ग नाही. पुष्कळ वेळ मी नुसता हात फिरवत बसले... मग डोळे मिटून एक उचलला.

तो आता माझ्या पर्समध्ये आहे, बसच्या तिकिटांच्या कप्प्यात. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची भिंतीशी लावून ठेवली आहे, तिच्यावर हल्ली उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवतात. मी रोज सकाळी ते उचलून खाली ठेवते आणि रोज संध्याकाळी कुणीतरी पुन्हा वर ठेवतं. त्या खुर्चीवर ज्या दिवशी पूर्ण पगाराची, पूर्ण वर्षाची, ग्रुपमध्ये नाव असलेली बाई येऊन बसेल, त्या दिवशी मी जिथं असेन तिथून, बाजारात असले तर टोपली आईकडं देऊन, एसटीनं येईन. तिला डोळ्यांनी पाहीन, जेवली का विचारीन. आणि मगच हा चिंचोका डब्यात परत टाकीन. तोपर्यंत कुणी कितीही तक्ते छापोत, आमच्या डब्यात एक बाई कमी आहे.